दिवा–वसई मार्गावर गाड्या वाढवल्या तर प्रवासी वाढतील का? फेऱ्या आणि एकत्रित तिकिटाविषयी एक प्रश्न

कोपर_वरचा_फलाट

नमस्कार. मी डोंबिवलीत राहतो आणि गेली चार वर्षे वसईतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. नकाशा उघडला तर ही दोन गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र असा थेट लोहमार्ग वसई रोडला जातो. तो दुहेरी आहे, विजेवर चालतो, आणि अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास भरते. तरीही माझ्या ओळखीचे डोंबिवली-कल्याणकडचे बहुतेक लोक वसई-विरारला जाताना आधी दादर गाठतात, पूल ओलांडतात आणि तिथून विरार लोकल पकडतात. हा वळसा सुमारे 80 किलोमीटरांचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट आहे. आठवड्यातले चार दिवस मीही तोच घेतो.

कारण उघड आहे. थेट मार्गावर दिवसभरात मोजक्याच मेमू (विजेवर चालणाऱ्या साध्या प्रवासी) गाड्या आहेत आणि मधल्या वेळी दोन गाड्यांत कित्येक तासांचे अंतर पडते. सकाळची गाडी मला जुळते. परंतु संध्याकाळी काम वीस मिनिटे लांबले आणि गाडी सुटली, तर वसईच्या फलाटावर बसून राहण्यापेक्षा दादरमार्गे दोन तास धक्के खात घरी पोचणे परवडते. पुढे पुढे तर सकाळीही दादरमार्गेच जाण्याची सवय लागली, कारण पास एकाच मार्गाचा काढायचा असतो.

आमच्या कार्यालयात यावरून नेहमी वाद होतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की त्या मार्गावर पुरेसे प्रवासीच नाहीत, म्हणून गाड्या वाढत नाहीत. मला हे उलटे वाटते, पण ते सिद्ध कसे करावे हे समजत नाही. या मंचावर रेल्वेत काम केलेले आणि वाहतुकीचा अभ्यास असलेले सदस्य आहेत, म्हणून विचारतो. गाड्या किती वेळाने असाव्यात, म्हणजे लोक एखाद्या मार्गावर विसंबू लागतात? आणि लोकल, बस, मेट्रो यांचे तिकीट एक झाले, तर त्याने खरोखर प्रवासी वाढतात, की ती केवळ सोय ठरते?

निवृत्त_नियंत्रक

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे निम्मे उत्तर आपल्याच शहरात आहे, म्हणून आधी तेच देतो.

ठाणे–वाशी मार्ग आठवा. नोव्हेंबर 2004 मध्ये तो प्रवाशांसाठी खुला झाला, त्याआधी ठाण्याहून वाशीला जाणारा माणूस एक तर रस्त्याने जाई किंवा कुर्ल्याला उतरून हार्बर मार्गाची गाडी धरी. दिवा–वसई हा मार्गही स्वभावाने तसाच आहे. दोन्ही मार्ग मुंबईच्या उत्तर-दक्षिण धावणाऱ्या लांब मार्गांना आडवे जोडतात आणि दोन्हींच्या टोकांना मोठी वस्ती आहे. फरक असा की ठाणे–वाशीला पहिल्यापासून उपनगरी मार्ग मानून लोकल दिल्या गेल्या, आणि दिवा–वसई हा मुख्यतः मालगाड्यांचा मार्ग म्हणून राहिला. आज ठाण्याच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटावर उभा असलेला माणूस वेळापत्रक पाहत नाही. एक गाडी गेली तर दुसरी येईल हे तो धरून चालतो. ऐरोली, घणसोली, रबाळे येथील कार्यालयांत ठाणे-मुलुंडकडून रोज जी माणसे जातात, ती 2004 पूर्वी तिकीट खिडकीवर रांग लावून गाडीची मागणी करत नव्हती. गाडी आली, मग काहींनी घरे घेतली, काहींनी नोकऱ्या बदलल्या, आणि गर्दी झाली.

आता आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याकडे येतो. एखाद्या मार्गावर प्रवासी किती, हे आपण त्या मार्गावरच्या तिकीटविक्रीवरून ठरवतो आणि इथेच घोडे पेंड खाते. आपण स्वतः आठवड्यातले चार दिवस दादरमार्गे जाता, म्हणजे मोजणीत आपण मध्य आणि पश्चिम मार्गाचे प्रवासी आहात. दिवा–वसईच्या हिशेबात आपले अस्तित्वच नाही. जो घोडबंदर रस्त्याने बसने जातो तोही त्यात नाही. ज्याने वसईची नोकरी या त्रासापायी नाकारली तो तर कोणत्याच हिशेबात नाही. त्यामुळे दिवसाला पाच-सहा गाड्या असलेल्या मार्गाचे आकडे पाहून पंधराव्या गाडीची गरज आहे की नाही, हे सांगता येत नाही.

गाड्यांमधल्या अंतराविषयी. माणूस वेळ न पाहता फलाटावर आला, तर सरासरी वाट पाहणे हे दोन गाड्यांमधल्या अंतराच्या निम्मे असते. अंतर दहा मिनिटे असेल तर पाच मिनिटे, आणि एवढी वाट कोणी मनावर घेत नाही. साधारण दहा-बारा मिनिटांच्या पलीकडे अंतर गेले की लोक वेळ पाहून घराबाहेर पडू लागतात. अर्ध्या तासाच्या सेवेवरही माणूस विसंबतो, मात्र गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटायला हवी, म्हणजे 7.10, 7.40, 8.10 अशी. पाठ करावे लागत नाही असे वेळापत्रक म्हणजे अर्धी सेवा, हे मी नोकरीच्या काळात वरिष्ठांना वारंवार सांगत असे. पण अंतर दोन-तीन तासांचे झाले की वेळापत्रक कितीही अचूक असले तरी उपयोग नाही, कारण तेव्हा माणूस गाडीच्या वेळा न पाहता ती चुकली तर काय, याचा हिशेब करतो. आपण नेमके तेच करता. फलाटावर थांबलेली दहा मिनिटे गाडीत बसलेल्या दहा मिनिटांपेक्षा बरीच जड वाटतात, आणि वाहतुकीचे अभ्यासक प्रवासाचा हिशेब मांडताना वाट पाहण्याच्या वेळेला म्हणूनच जास्त वजन देतात.

याच विचाराला अर्थशास्त्रात हर्बर्ट मोहरिंग यांचे नाव जोडले गेले आहे. त्यांनी 1972 मध्ये बससेवेच्या संदर्भात असे मांडले की प्रवासी वाढले, त्यामुळे फेऱ्या वाढल्या, तर वाट पाहण्याचा वेळ प्रत्येकाचाच कमी होतो; म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशाची सेवा सुधारतो. रस्त्यावर नवी मोटार आली की जुन्या मोटारवाल्याचा वेळ वाढतो, इथे बरोबर उलटे घडते. मात्र हे चक्र उलटही फिरते. फेऱ्या कमी केल्या की प्रवासी गळतात, मग उरलेल्या फेऱ्याही तोट्यात दिसू लागतात.

गाड्या वाढवायच्या तर किती लागतील, हेही सांगतो, कारण ही गोष्ट अवाढव्य आहे असा समज असतो. दिवा ते वसई रोड 42 किलोमीटर आहे आणि मेमूला तासाभराच्या आसपास लागते. टोकाला थांबा आणि थोडी सवड धरून एका रेकची (म्हणजे डबे जोडलेल्या एका पूर्ण गाडीची) पूर्ण फेरी तीन तासांत होते असे माना. मग एका रेकमध्ये दर तीन तासांनी गाडी मिळते, तीन रेकमध्ये दर तासाला, आणि सहा रेकमध्ये दर अर्ध्या तासाला. राखीव एक धरला तरी सातच होतात. खरी अडचण रुळावरच्या जागेची आहे. हा मार्ग न्हावाशेवा बंदराच्या आणि उत्तरेकडच्या मालगाड्यांचा मोठा आधार आहे. मालगाडीला ठरलेले वेळापत्रक नसते आणि तिचा वेग आणि थांबे मेमूपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे दोघींना एकाच रुळावर गुंफताना बरीच क्षमता वाया जाते. स्वतंत्र मालवाहतूक मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी (म्हणजे न्हावाशेवा बंदर) हा टप्पा पूर्ण क्षमतेने वापरात येईल, तेव्हा इथे मोकळी होणारी जागा कोणाला द्यायची, हा निर्णय आधीच घेऊन ठेवायला हवा. तो घेतला नाही तर ती जागा पुन्हा मालगाड्यांनीच भरेल.

जूचंद्रहून

मी या मार्गावरची रोजची प्रवासी आहे, म्हणून थोडे लिहिते. जूचंद्रहून भिवंडी रोडला जाते. तिथल्या एका गोदामाच्या कार्यालयात काम आहे. वरील सदस्यांनी वाट पाहण्याविषयी जे लिहिले आहे ते खरे आहे, परंतु आम्हा बायकांच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट येते. मुलाच्या शाळेतून दुपारी दोन वाजता दूरध्वनी आला, तर मी घरी कशी पोचणार, हा प्रश्न मी नोकरी स्वीकारण्याआधी विचारला होता. सकाळी जायला आणि संध्याकाळी यायला गाडी आहे, एवढ्याने भागत नाही. भर दुपारची, जिच्यात कदाचित चाळीसच माणसे बसतील अशी गाडी आहे, या भरवशावर सकाळच्या गाडीतली माणसे बसतात. ती दुपारची गाडी रिकामी दिसते म्हणून तिला तोट्याची म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरे म्हणजे स्थानकाबाहेरचे. भिवंडी रोड स्थानकापासून गोदामे आणि गाव दोन्हींसाठी रिक्षा करावी लागते. गाडीचे तिकीट रिक्षापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, म्हणजे माझ्या प्रवासाचा मोठा खर्च रेल्वेचा नाहीच. गाडी आली की बाहेर बस उभी आहे आणि तिला माझा पास चालतो, असे झाले तर आमच्या कार्यालयातल्या दुचाकीवरून येणाऱ्या निदान पाच-सहा जणी उद्याच गाडीने येऊ लागतील. त्यांनी मला तसे सांगितलेही आहे.

दोन_रुपयांचे_कूपन

तिकिटाच्या प्रश्नावर लिहितो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, थोडे लांबल्यास क्षमा असावी.

एकत्रित तिकीट ही परदेशातून आणायची नवी वस्तू आहे असे आपण समजतो. वस्तुतः मुंबईकर ते रोज खिशात घेऊन फिरतो. ठाण्याहून बोरिवलीचे दादरमार्गे तिकीट काढले, तर प्रवासाचा पहिला भाग मध्य रेल्वेचा आणि दुसरा पश्चिम रेल्वेचा असतो. हे दोन स्वतंत्र विभाग 1951 मध्ये स्थापन झाले आणि त्याआधी तर ते जीआयपी आणि बीबीसीआय अशा दोन वेगळ्या कंपन्यांचे मार्ग होते. तरी दादरच्या पुलावर आपल्याला दुसरे तिकीट काढावे लागत नाही. अंतर सलग मोजले जाते, भाडे सलग आकारले जाते, आणि कोणाला किती मिळाले याचा हिशेब ते आपापसांत करतात. प्रवाशाला त्याची गंधवार्ताही नसते. कूपनांच्या पुस्तिका होत्या तेव्हा तर विरारला घेतलेले कूपन मशीद बंदरच्या यंत्रात छापून घेता येई. आपली लोकल ही शंभर वर्षांहून जुनी, अनेक मार्गांची आणि तरीही एकाच तिकिटाची व्यवस्था आहे, आणि दादरला रोज लाखो लोक गाडी बदलतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आता मेट्रोकडे पाहा. वर्सोवा–घाटकोपर ही ‘मेट्रो 1’ मार्गिका जून 2014 मध्ये सुरू झाली. 2अ आणि 7 या मार्गिका एप्रिल 2022 आणि जानेवारी 2023 अशा दोन टप्प्यांत आल्या. आरे ते कफ परेड ही ‘मेट्रो 3’ मार्गिका ऑक्टोबर 2024 पासून टप्प्याटप्प्याने येऊन ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण झाली. या तीन व्यवस्था तीन वेगळ्या संस्था चालवतात. गुंदवलीहून पुलाने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकात जाता येते, मरोळ नाक्याला मेट्रो 1 वरून मेट्रो 3 वर जाता येते. चालण्याची सोय झाली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु भाडे मात्र प्रत्येक ठिकाणी पहिल्या टप्प्यापासून पुन्हा मोजले जाते. भाड्याची रचना अशी असते की पहिले काही किलोमीटर महाग आणि पुढचे स्वस्त. त्यामुळे जो एका मार्गिकेवर सलग दहा किलोमीटर जातो त्याला कमी पडते आणि ज्याचे घर-कार्यालय दोन मार्गिकांवर आहे, त्याला तेवढ्याच अंतराला जास्त पडते. गाडी बदलण्याचा त्रास तोच सोसतो आणि वर दंडही तोच भरतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ हे ॲप आले. लोकल, मेट्रो, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई वगैरे शहरांच्या बससेवा अशा 11 सेवांचे तिकीट त्यावर एकत्र काढता येते. मी ते वापरतो आणि रांग वाचते यात शंका नाही. पण तिकीट एकत्र असणे आणि भाडे एकसंध असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात वेळ वाचतो, दुसऱ्यात माणूस घर ते कार्यालय हा एकच प्रवास समजू लागतो. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की केवळ पहिल्याने थोडे प्रवासी वाढतील, दुसऱ्याने बरेच वाढतील.

जगात हे सर्वांत आधी पद्धतशीरपणे हॅम्बुर्गने केले. 1965 मध्ये तिथल्या रेल्वे, बस आणि बोटी चालवणाऱ्या संस्थांनी एक संघ स्थापला आणि त्यातून पुढे एकच भाडेपत्रक आले. पॅरिसने 1975 मध्ये आणि लंडनने 1983 मध्ये बस आणि भुयारी रेल्वेला मिळून चालणारे पास आणले. व्हिएन्नाने 2012 मध्ये वर्षाचा पास 365 युरोंना केला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि काही वर्षांतच पासधारकांची संख्या दुपटीहून अधिक झाली. अर्थात त्या श्रेयात तिथे वाढवलेल्या भुयारी मार्गांचा आणि मोटारींच्या पार्किंगवर आकारलेल्या शुल्काचा वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

पासचे एक वेगळेच सामर्थ्य असते. पास काढलेल्या माणसाला पुढची फेरी फुकट वाटते. संध्याकाळी मित्राकडे जायचे, रविवारी मुलांना घेऊन राणीच्या बागेत जायचे, तर तो पुन्हा गाडीच पकडतो. हा पास बसलाही चालला असता, तर जूचंद्रच्या ताईंनी लिहिलेला रिक्षाचा खर्च आपोआप गळून पडला असता.

एक सावधगिरी मात्र हवी. जुलै 2019 मध्ये बेस्टने किमान भाडे 5 रुपये केले, तेव्हा प्रवासी झपाट्याने परतले, ते आपण पाहिले. परंतु बसगाड्यांची संख्या त्या प्रमाणात टिकली नाही, थांब्यावरची वाट लांबली, आणि मे 2025 मध्ये किमान भाडे 10 रुपये झाले. स्वस्त तिकीट माणसाला थांब्यापर्यंत आणते, तिथे त्याला थांबवून धरायला बस वेळेवर यावी लागते. वातानुकूलित लोकलचेही तसेच. मे 2022 मध्ये तिच्या एकेरी तिकिटाचे दर निम्मे केल्यावर प्रवासी वाढले. पण तिच्या फेऱ्या साध्या लोकलच्या तुलनेत थोड्या असल्याने एक चुकली की पुढचीपर्यंत बराच वेळ थांबायचे की जादा पैसे भरलेला पास खिशात ठेवून साध्या गाडीत चढायचे, हा पेच पासधारकाला रोज पडतो.

कोपर_वरचा_फलाट

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त नियंत्रक साहेबांनी रेकचा हिशेब मांडला, तो मी उद्याच कार्यालयात दाखवणार आहे.

एक शंका उरते. मुख्य मार्गांवर फेऱ्या भरपूर आहेत, तिकीट एक आहे, पास स्वस्त आहे, आणि त्याचा परिणाम म्हणून तिथे पाय ठेवायला जागा नाही. सकाळच्या वेळी डोंबिवलीला दारात लटकणारी माणसे पाहिली की वाटते, प्रवासी वाढवण्याची चर्चा तरी कशासाठी करायची? सहकारी मला हाच प्रश्न विचारतील.

झ्युरिचहून_परतलेला

मी नोकरीनिमित्त काही वर्षे झ्युरिचला होतो आणि आता मुलुंडला असतो. आपल्या शंकेला तिथल्या अनुभवातून उत्तर देतो.

स्वित्झर्लंडने 1982 मध्ये देशभर एक साधा नियम केला: प्रमुख मार्गांवर दर तासाला गाडी, आणि ती रोज त्याच मिनिटाला. तोवर तिथेही सकाळ-संध्याकाळ गाड्यांचा घोळका आणि दुपारी शुकशुकाट असे. 1987 मध्ये लोकांनी मतदान करून पुढची योजना मंजूर केली आणि डिसेंबर 2004 मध्ये ती मोठ्या प्रमाणावर अमलात आली. तिच्यातली मुख्य कल्पना मला फार आवडते. मोठ्या स्थानकांत सगळ्या दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या जरा आधी येऊन पोचतात, प्रवासी फलाट बदलतात, आणि तास उलटताच गाड्या आपापल्या दिशेला सुटतात. हे जमण्यासाठी दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासापेक्षा थोड्या कमी वेळात व्हायला हवा, म्हणून झ्युरिच–बर्न प्रवास 56 मिनिटांवर आणला गेला. त्याहून वेगवान गाडीचा हट्ट त्यांनी धरला नाही, कारण दहा मिनिटे आधी पोचून पुढच्या गाडीसाठी दहा मिनिटे जास्त थांबण्यात काही मिळत नव्हते. आपल्याकडे वेगाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातात आणि बदलगाडीची वेळ कोणी विचारत नाही, याचे मला वाईट वाटते.

झ्युरिच परिसरात 1990 च्या मे महिन्यात उपनगरी रेल्वे आणि सर्व संस्थांना मिळून एकच भाडे ठरवणारा संघ, या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या. त्यानंतरच्या तीन दशकांत उपनगरी गाड्यांचे प्रवासी दुपटीहून अधिक झाले. तूट आली तर निम्मी प्रांत सोसतो आणि निम्मी गावे मिळून सोसतात. हा वाटा आधीच ठरलेला असल्यामुळे ‘हा प्रवासी कोणाचा’ हे भांडण होत नाही. आपल्या लोकलप्रमाणेच तिथल्या स्थानकांत तिकीट तपासणारी स्वयंचलित दारे नाहीत, अधूनमधून तिकीट तपासनीस येतो. म्हणजे एकसंध भाड्यासाठी आपल्याला नवी यंत्रे बसवण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, पैसे वाटून घेण्याच्या कराराची गरज आहे.

आता आपली शंका. मुख्य मार्गांवर प्रवासी वाढवायचे नाहीत, ते विभागायचे आहेत. आपण स्वतःपुरता विचार करा. आपण दादरमार्गे जाता तेव्हा सकाळी डोंबिवली ते दादर या सर्वांत भरलेल्या पट्ट्यात एक जागा अडवता आणि दादर ते वसई या पट्ट्यात दुसरी. आपल्याला कोपरहून दर अर्ध्या तासाला थेट गाडी मिळाली, तर एका माणसामुळे दोन मार्गांवर दोन जागा मोकळ्या होतात आणि दादरच्या पुलावरचा एक माणूस कमी होतो. मुख्य मार्गावर एवढी क्षमता नव्याने निर्माण करायला पाचवी-सहावी मार्गिका टाकावी लागते, आणि त्या कामाला आपल्याकडे किती वर्षे लागली ते ठाणे-दिवा पट्ट्यातल्या प्रवाशांना ठाऊक आहे. आडव्या मार्गावर सात रेक त्यामानाने फार स्वस्त पडतात.

जूचंद्रहून

वरच्या उत्तरात भर एवढीच की आमच्या मेमूतही गर्दीच्या वेळी बसायला जागा नसते. या मार्गाला प्रवासी नाहीत असे म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी कामण रोडला चढून पाहावे.

निवृत्त_नियंत्रक

झ्युरिचच्या सदस्यांशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक व्यवहाराची बाब जोडतो. गाड्या वाढल्या की पहिल्या सहा महिन्यांत त्या रिकाम्या दिसतील, आणि त्याच वेळी त्या बंद करण्याची सूचना येईल. माणसे आपली सवय लगेच सोडत नाहीत. पास तिमाही असतो, घराचा भाडेकरार 11 महिन्यांचा असतो, मुलांच्या शाळा जूनमध्ये बदलतात. नव्या वेळापत्रकाला निदान तीन वर्षे हात न लावता चालू द्यावे असे माझे मत आहे, आणि त्या काळात रोजची पहिली आणि शेवटची गाडी तर कधीच रद्द करू नये, कारण रात्रीची शेवटची गाडी एकदा बेभरवशाची झाली की दिवसभराच्या सगळ्या गाड्यांवरचा विश्वास उडतो.

कोपरच्या सदस्यांना एक सुचवतो. केवळ वाद घालण्यापेक्षा एक मोजणी करा आणि निवेदनासोबत जोडा. चार-पाच सहकारी घ्या. डोंबिवली आणि कोपर स्थानकांबाहेर, तसेच वसई रोडला, सकाळी सात ते दहा लोकांना दोनच प्रश्न विचारा: आपण कोठून कोठे चाललात, आणि कोणत्या मार्गाने. डोंबिवली-कल्याणहून वसई-विरार पट्ट्यात दादरमार्गे जाणारे किती, हा आकडा कोणत्याही तिकीटविक्रीत मिळणार नाही आणि तोच सर्वांत उपयोगी आहे.

कोपर_वरचा_फलाट

ही सूचना अतिशय आवडली. आमच्या कार्यालयातले तिघे तयार झाले आहेत आणि वाद घालणारे ते ज्येष्ठ सहकारीही स्वतःहून येतो म्हणाले. पुढच्या महिन्यातला एखादा मंगळवार ठरवतो. वसई रोडला कोणत्या पुलावर उभे राहावे, हे जूचंद्रच्या ताईंनी कळवले तर बरे होईल.

जूचंद्रहून

एका पुलाने भागणार नाही. विरार लोकलने आलेली आणि मेमूने आलेली माणसे वेगवेगळ्या फलाटांवर उतरतात, त्यामुळे पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाहेर पडण्याच्या जागी माणूस उभा करा. मंगळवारी माझी सुट्टी असते. सात वाजता मी पूर्वेला उभी राहीन, वही घेऊन येते.

निवृत्त_नियंत्रक

फलाटावर येऊन, सूचनाफलक पाहून परत फिरणारी माणसेही मोजा. कोपरला वरच्या जिन्यावर एक माणूस केवळ त्यासाठी ठेवा.